युनिटमागे पंचवीस पैसे

चंद्रपूरहून एक वीजवाहिनी निघते ती सुमारे ७५० किलोमीटरवर, ठाणे जिल्ह्यात पडघ्यालाच उतरते. ५०० किलोव्होल्टची, डीसी प्रवाहाची ही वाहिनी १९९९ च्या सुमारास सुरू झाली आणि १५०० मेगावॉट वीज एका दमात वाहून नेण्याची तिची क्षमता आहे. तंत्र म्हणून ती फार देखणी गोष्ट आहे. एवढ्या लांबच्या प्रवासात डीसीची गळती नेहमीच्या एसीपेक्षा कमी, म्हणून चंद्रपूरला एसीची डीसी करायची, पडघ्याला पुन्हा डीसीची एसी करायची आणि मुंबईच्या बाजूला वाटायची. मात्र तिला वाटेत कुठे फाटा फुटत नाही. ज्यांच्या शेतात तिचे मनोरे उभे आहेत त्यांच्या पंपाला तिच्यातली वीज मिळत नाही.

माझं लहानपण विदर्भातल्या एका पॉवर हाऊसच्या कॉलनीत गेलं आणि आता मी कल्याणला राहते. त्यामुळे नकाशावर ही वाहिनी पाहिली की ती माझ्याच आयुष्यावरून ओढल्यासारखी वाटते. एका टोकाला कोळसा जळतो, दुसऱ्या टोकाला एसी चालतो. मी दोन्ही बाजूंनी वाढले, दोन्ही बाजूंचं खाल्लं. म्हणूनच ११ जुलै २०२५ ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची जी अधिसूचना आली, ती माझ्या मनातून जात नाही.

त्या अधिसूचनेचा मुद्दा असा. कोळसा जळताना त्यातलं गंधकही जळतं आणि सल्फर डायऑक्साइड वायू चिमणीतून बाहेर पडतो. तो अडवण्यासाठी एक यंत्रणा असते, तिला सगळे एफजीडीच म्हणतात. चिमणीकडे निघालेल्या धुरावर चुनखडीच्या पाण्याचा फवारा मारायचा, गंधक चुन्याला बांधलं जातं, खाली जिप्सम उरतं. आपल्या देशात औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा पहिल्यांदा ठरली ती ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेत. केंद्रांना दोन वर्षं दिली होती. ती मुदत पुढे २०२२ वर गेली, मग २०२४ ते २०२६ वर, मग २०२७ ते २०२९ वर. आणि २०२५ च्या जुलैत देशातल्या कोळशाच्या सुमारे ७८ टक्के वीजनिर्मिती संचांना एफजीडीची सक्तीच राहिली नाही. दिल्ली परिसर किंवा १० लाखांवर वस्तीची शहरं ज्यांच्या १० किलोमीटरच्या आत आहेत असे ११ टक्के संच तेवढे ‘अ’ गटात, त्यांना ती बसवावी लागेल. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळचे किंवा हवेची मानकं न गाठणाऱ्या शहरांजवळचे आणखी ११ टक्के ‘ब’ गटात, त्यांचा निर्णय प्रकरणागणिक होणार. बाकीचे ‘क’. त्यांच्या चिमणीची उंची नियमात बसली की झालं.

या सवलतीमुळे वीज किती स्वस्त होणार, याचा आकडाही तेव्हा सांगितला गेला. युनिटमागे २५ ते ३० पैसे.

मी लगेच माझं बिल काढून पाहिलं. महिन्याला १०० युनिट वापरणारं घर धरलं, तर २५ ते ३० रुपये. कल्याण स्टेशनबाहेर दोघांनी चहा घेतला तर एवढे जातात. महिन्याचा एक चहा माझ्या घराने सोडला तर विदर्भातल्या, छत्तीसगडच्या, मध्य प्रदेशातल्या सिंगरौलीच्या हवेतलं गंधक कमी होऊ शकतं. हा हिशेब इतका सोपा आहे की तो कुणी मला विचारलाच नाही याचा मला राग येतो. मी दिले असते. माझ्या मजल्यावरच्या चारही घरांनी दिले असते, अशी माझी खात्री आहे. ज्यांना ते जड जातात, त्यांच्यासाठी वीजदरात सवलतीचे टप्पे करता येतात. आपल्याकडे तसे टप्पे आहेतच.

सरकारची बाजू मी नीट वाचली. पोकळ म्हणून ती झटकून टाकण्यासारखी नाही. भारतीय कोळशात गंधक कमी असतं, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. केंद्रांच्या परिसरात हवा मोजली तर सल्फर डायऑक्साइड मर्यादेच्या बराच खाली सापडतो. एफजीडी चालवायला स्वतःची वीज लागते, चुनखडीच्या खाणी काढाव्या लागतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड वाढतो. शिवाय मेगावॉटमागे सुमारे सव्वा कोटी रुपये खर्च. हे सगळं खरं आहे.

पण गंधक कमी म्हणजे कोळशाच्या प्रमाणात कमी. कोळसा किती, ते विचारायला नको? चंद्रपूर महाऔष्णिक केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॉट आहे. आपला कोळसा राखेने भरलेला, त्यात ऊर्जा कमी, म्हणून एका युनिटला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम लागतो. केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला ४०,००० टनांहून अधिक कोळसा. त्यातलं अर्धा टक्का गंधक म्हणजे २०० टन. जळताना ते आपल्याच वजनाइतका ऑक्सिजन घेतं. म्हणजे एका दिवसाला एका केंद्रातून जवळजवळ ४०० टन सल्फर डायऑक्साइड. जगात माणसाच्या हातून हा वायू सर्वांत जास्त सोडला जातो तो आज भारतात, आणि त्याचं मुख्य कारण कोळशावरची वीज आहे. कमी गंधकाचा कोळसा असूनही हे आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. चिमणीशेजारी वायू मोजून उपयोग नाही, कारण तो तिथे थांबतच नाही. ५०० मेगावॉटच्या संचाची चिमणी २७५ मीटर उंच असते. ती उंच बांधतात ती धूर पातळ होऊन दूर जावा म्हणूनच. वाटेत काही तासांत, काही दिवसांत त्या वायूचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात, अडीच मायक्रॉनपेक्षाही बारीक, आणि ते शेकडो किलोमीटर जातात. चिमणी उंच केली की धूर गावचा राहत नाही, जिल्ह्याचा होतो, मग राज्याचा. नागपूरच्या किंवा वर्ध्याच्या हवेत तो पीएम २.५ म्हणून मोजला जातो, आणि तिथे त्याच्यावर कुठल्या केंद्राचं नाव लिहिलेलं नसतं.

आमच्या कॉलनीत उन्हाळ्यात वाळवणं गच्चीवर घालायची पद्धत नव्हती. बाकी महाराष्ट्रात कुरडया, पापड, सांडगे गच्चीवर वाळतात हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे आई आतल्या खोलीत पंख्याखाली, जुन्या साडीवर वाळवण घालायची, वरून दुसरं पातळ लुगडं. बाहेरच्या दोरीवरचे कपडे काढताना प्रत्येक कपडा दोनदा झटकायचा. शेजारच्या काकू म्हणायच्या, ‘‘धुतलेलं पुन्हा धुवा लागते, म्या तं सोडूनच देल्लं.’’ बाबा सीएचपीत, म्हणजे कोळसा हाताळणी विभागात होते. तिथे वॅगन उलटी करून कोळसा खाली पाडतात, तो चुरतात, पट्ट्यावरून बॉयलरकडे पाठवतात. पाळीवरून आले की त्यांचे बूट दाराबाहेरच राहायचे, आणि बोटांच्या पेरांतली काळी रेघ निवृत्तीनंतरच्या पहिल्या दिवाळीपर्यंत गेली नव्हती.

आम्हाला वाटायचं, प्रदूषण म्हणजे ही राखड. दिसते ती. पुसता येते ती. केंद्रातल्या लोकांनाही तसंच वाटायचं, आणि त्यांनी त्यावर मनापासून काम केलं. धुरातली राख पकडणारे ईएसपी, म्हणजे विजेचा भार दिलेल्या पत्र्यांचे कप्पे, सुधारत गेले. चिमणीचा धूर काळ्याचा करडा, करड्याचा पांढुरका झाला. लोक म्हणू लागले, आता बरं आहे. पण कपड्यांवर बसते ती जाड राख बरीचशी नाकात आणि घशात अडकते, खोकल्यावाटे बाहेर येते. फुप्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत, तिथून रक्तात जातात ते हे सल्फेटचे कण, आणि ते दिसत नाहीत. वायूला ईएसपी अडवत नाही. त्यासाठी दुसरंच यंत्र लागतं, आणि त्याच्यासाठी जागा होती. ५०० मेगावॉटच्या आणि त्याहून मोठ्या संचांना पर्यावरण मंजुरी देताना ‘एफजीडीसाठी जागा राखून ठेवा’ अशी अटच घातली जायची. जागा राखली गेली. यंत्र बहुतेक ठिकाणी आलंच नाही.

हे कण काय करतात, ते सांगणारे अभ्यास आता भरपूर आहेत. मला त्यातले दोन फार महत्त्वाचे वाटतात.

एक २०२३ चा, अमेरिकेचा, ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला. तिथे ६५ वर्षांवरच्या लोकांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या नोंदी असतात. ल्युकस हेन्नेमन आणि सहकाऱ्यांनी त्या नोंदी १९९९ ते २०२० अशा तपासल्या आणि प्रत्येक कोळसा केंद्राचा धूर कुठे गेला याच्याशी ताडून पाहिल्या. या काळात कोळसा केंद्रांच्या सूक्ष्म कणांमुळे ४ लाख ६० हजार ज्येष्ठांचे मृत्यू झाले असं त्यांना आढळलं. शिवाय कोळशातून आलेला पीएम २.५ हा एकूण पीएम २.५ च्या तुलनेत सुमारे दुप्पट घातक निघाला. म्हणजे ‘हवेत धूळ तर रस्त्याचीही असते’ हे नेहमीचं उत्तर पुरत नाही. याच अभ्यासातला मला धरून ठेवावासा वाटणारा भाग पुढचा आहे. १९९९ ते २००७ या काळात तिथे वर्षाला सरासरी ४३,००० हून अधिक मृत्यू होत होते, ते २०२० मध्ये १,६०० वर आले. काही केंद्रं बंद झाली, काहींना गंधक अडवणारी यंत्रं बसली. मरणाऱ्या माणसांची संख्या घटली, हे मोजता आलं.

दुसरा आपल्या देशाचा, २०२१ चा, मॉरीन क्रॉपर आणि सहकाऱ्यांचा. भारतातली तेव्हा असलेली आणि नियोजित अशी सगळी कोळसा केंद्रं धरली तर वर्षाला १ लाख १२ हजार मृत्यू, असा त्यांचा अंदाज. आणि मध्य भारताच्या काही भागात हवेतल्या पीएम २.५ मध्ये या केंद्रांचाच वाटा घनमीटरला २० मायक्रोग्रॅमपर्यंत जातो. जागतिक आरोग्य संघटनेची वर्षाची शिफारस आहे ५ ची. म्हणजे गाड्या, चुली, शेतातली धूळ, बांधकामं सगळं बाजूला ठेवलं, तरी केवळ विजेपायी काही ठिकाणची हवा शिफारशीच्या चौपट.

आमच्या घरी काम करायला येणाऱ्या मावशींचा नातू लहानपणापासून दम्याचा. रात्री-अपरात्री त्याला वाफ द्यायला न्यायचं. मावशींचा त्या दिवसाचा रोज बुडायचा, तिच्या सुनेचा बुडायचा, ऑटोचे पैसे, डॉक्टरची फी, पंपाचे पैसे. तो दमा कशामुळे होता? मला माहीत नाही आणि कुठलाही डॉक्टर ते छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. चुलीचा धूर असेल, घरातला ओलावा असेल, अनुवंश असेल, हवा असेल. या संपूर्ण विषयातली अडचण इथेच आहे. एका पोराच्या छातीत कान लावून कोळसा ऐकू येत नाही. तो लाखो लोकांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसतो. कायदा मात्र एकेका माणसाचं मागतो, की तुझं नुकसान कुणी केलं ते सिद्ध कर. ते सिद्ध होत नाही. मग खर्च ज्याच्या दारात येतो त्यानेच तो भरायचा. २५ ते ३० पैसे वाचले असं जे म्हणतात ते वाचलेले नाहीत. ते मावशींच्या पदराच्या गाठीतून गेले.

देशभराचा आकडाही आहे. २०२० च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात हवेच्या प्रदूषणामुळे भारतात १६ लाख ७० हजार मृत्यू झाले आणि अकाली मृत्यू आणि आजारपणामुळे सुमारे २ लाख ६० हजार कोटी रुपयांचं उत्पन्न बुडालं, म्हणजे सकल उत्पन्नाच्या जवळपास १.४ टक्के. यात चुलीपासून वाहनांपर्यंत सगळं आलं. कोळशाची वीज हा त्यातला एक भाग. पण देशभर सगळ्या संचांना एफजीडी बसवण्याचा एकदाचा खर्च जो सांगितला जात होता तोही अडीच लाख कोटींच्या आसपासचाच. एकदाचा, आणि यंत्र पुढे २० वर्षं चालणार. यंत्राचा खर्च वितरण कंपनीच्या वहीत दिसतो. आजारपणाचा कुणाच्याच वहीत नाही, म्हणून तो महाग वाटत नाही.

शेतीचंही तसंच. २०२५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी कोळसा केंद्रांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड आणि भात-गव्हाचं पीक यांचा मेळ घातला. वारा कुठल्या दिवशी केंद्राकडून शेताकडे वाहतो ते पाहून त्यांनी हिशेब केला आणि १०० किलोमीटरपर्यंतच्या शेतांतही घट सापडली. वर्षाला सुमारे ८० कोटी डॉलरचं पीक. पूर्व विदर्भातला धान पिकवणारा शेतकरी कमी उताऱ्याचं खापर पावसावर फोडतो, तुडतुड्यावर फोडतो, स्वतःच्या नशिबावर फोडतो. वाऱ्यावर कसं फोडणार?

राखेचं वेगळं सांगायला हवं, कारण ती तरी डोळ्यांसमोर आहे. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख. म्हणजे एका युनिटमागे पाव किलोच्या आसपास. १०० युनिटांचं घर महिन्याला वीस-पंचवीस किलो राख कुठेतरी तयार करतं. देशात वर्षाला ३० कोटी टनांहून अधिक. ३१ डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार सगळी राख वापरात आणणं बंधनकारक आहे, आणि आकडे पाहिले तर बहुतेक वापरली जाते. सिमेंटात जाते, विटांत जाते, ते चांगलंच आहे. पण खोलगट जमिनी आणि जुन्या खाणी भरणं हाही ‘वापर’च मोजला जातो. राखेत शिसं असतं, आर्सेनिक असतं, क्रोमियम असतं, पारा असतो. खाणीत टाकलेली राख भूजलाशेजारी जाऊन बसते.

उरलेली पाण्यात कालवून पाइपाने बंधाऱ्यात सोडतात. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला. राखेचा लोंढा आजूबाजूच्या शेतांत आणि नाल्यांत शिरला, कोलार नदीत गेला, तिथून कन्हानकडे. कन्हान म्हणजे नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा एक मोठा स्रोत. उभ्या पिकात राखेचा थर बसला की ती जमीन पुन्हा हाताखाली यायला किती हंगाम लागतात, ते त्या गावांनाच विचारावं. त्याच वर्षी फेब्रुवारीत नांदगावच्या राखतळ्यात राख टाकणं लोकांच्या रेट्यामुळे थांबवावं लागलं होतं. ही सगळी गावं नागपूरपासून अर्ध्या-पाऊण तासावर आहेत. तरीही मे २०२३ मध्ये, भर उन्हाळ्यात, कोराडीला ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच आणण्यासाठी जनसुनावणी झाली.

कुणी म्हणेल, आपल्याकडे हे जमण्यासारखंच नाही. जमतं. महाराष्ट्रातच जमलेलं आहे, आणि फार आधी. मुंबईत ट्रॉम्बेला १९८० च्या दशकातच समुद्राच्या पाण्यावर चालणारी एफजीडी आली. आणि डहाणूची गोष्ट तर शाळेत शिकवावी अशी आहे.

डहाणू म्हणजे चिकूच्या वाड्या, वारली पाडे, खाडी. तिथे २५० मेगावॉटच्या दोन संचांचं कोळसा केंद्र १९९५ च्या सुमारास सुरू झालं. त्याआधीच, २० जून १९९१ ला, डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला होता. तिथल्या बागायतदारांनी आणि पर्यावरणासाठी झटणाऱ्यांनी वर्षानुवर्षं न्यायालयात झगडा दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ च्या डिसेंबरात एक प्राधिकरण नेमलं गेलं आणि त्याचे अध्यक्ष झाले न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. १९९९ मध्ये प्राधिकरणाने कंपनीला एफजीडी बसवायला सांगितलं. कंपनीने गरज नाही म्हटलं, कोळशात गंधक कमी आहे म्हटलं. आज ऐकू येतात तीच कारणं. प्राधिकरण हटलं नाही. २००५ मध्ये ३०० कोटींची बँक हमी मागितली, आणि २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. देशात सल्फर डायऑक्साइडचा नियम यायच्या आठ वर्षं आधी.

या गोष्टीत मला दिसतं ते असं. तंत्रज्ञान तेच होतं, कोळसा मुख्यतः भारतातलाच होता, कंपनीची नाराजीही नेहमीचीच होती. फरक एका खंबीर प्राधिकरणाचा होता. त्याला एकच तालुका सांभाळायचा होता, त्याच्या सुनावण्या त्या तालुक्यासाठीच होत होत्या आणि मागे सर्वोच्च न्यायालय उभं होतं. धर्माधिकारी नागपूरच्या वकिलीतून पुढे आलेले, गांधीविचाराच्या घरातले. विदर्भाच्या माणसाने समुद्रकाठच्या एका तालुक्याची हवा राखून दिली. त्यांच्या स्वतःच्या मुलखाला असं प्राधिकरण कधी मिळालं नाही.

चंद्रपूरला कागद मिळाले. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांना गुण दिले, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथं आलं. अतिप्रदूषित ठरलं. पुढे कृती आराखडा झाला. मग राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला, त्यात हवेची मानकं न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत चंद्रपूर पुन्हा आलं. केंद्राचे दोन सर्वांत जुने संच बंद झाले, हे खरं. पण २०१६ मध्ये ५०० मेगावॉटचे दोन नवे संच जोडलेही गेले.

या लिखाणाचा बाबांना त्रास होईल हे मला ठाऊक आहे. आमचं घर, माझं शिक्षण, भावाची नोकरी लागेपर्यंतचा सगळा संसार कोळशाने चालवला. कॉलनीतला दवाखाना चांगला होता, शाळा चांगली होती, गणपतीत दहा दिवस कार्यक्रम व्हायचे. रात्रपाळीला जाणारी माणसं डबे घेऊन निघायची तेव्हा त्यांना ठाऊक असायचं की आपण बॉयलर विझू दिला तर कुठलं तरी शहर अंधारात जाईल. तो अभिमान खोटा नव्हता. बाबांना मी एकदा हवेबद्दल काही बोलले तर ते म्हणाले, ‘‘अगं, तू ज्या लायटीखाली अभ्यास केलास ती कुठून आली?’’ मी गप्प बसले, कारण ते बरोबर होतं. आजही बरोबर आहे. देशातली जवळपास तीन चतुर्थांश वीज अजून कोळशाचीच आहे. उद्या सकाळी ती बंद करा असं मी म्हणत नाही, म्हणूनच ती चालेल तोवर गंधक अडवा असं म्हणते.

आणि तिथल्या माणसांचं मागणंही समजून घ्यावं लागेल. २०२१ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर केंद्राच्या प्रकल्पग्रस्तांपैकी काही जण चिमणीवर चढून बसले होते. धूर थांबवा असं ते म्हणत नव्हते. जमिनी घेतल्यात तर कायमची नोकरी द्या, म्हणत होते. ज्याचं शेत गेलं त्याला त्याच चिमणीची आस धरावी लागते. शहरात बसून स्वच्छ हवेबद्दल लिहिताना मी त्या माणसांना विसरले तर मला लिहिण्याचा अधिकार नाही. सौर प्रकल्पांत मिळणारी वीज आता युनिटला ३ रुपयांच्या आसपास आली आहे, महाराष्ट्रात कृषी फीडरसाठी त्या दराने हजारो मेगावॉटचे करारही झाले आहेत. कोळशाचे दिवस सरत जाणार आहेत. सीएचपीत, खाणीत, राखेच्या ट्रकवर काम करणाऱ्यांचं पुढे काय, हे ठरवण्याचा खर्चही विजेच्या खर्चातच धरायला हवा, आणि आजच धरायला हवा.

आता ‘ब’ गटाकडे येते. चंद्रपूर मानकं न गाठणारं शहर आहे आणि केंद्र त्याच्या अंगालाच लागून आहे, म्हणून तिथे एफजीडी लागेल की नाही हे केंद्र सरकारची तज्ज्ञ समिती प्रकरण पाहून ठरवणार. म्हणजे दार अजून लागलेलं नाही. त्या समितीपुढे केंद्राच्या फाटकाजवळ मोजलेला सल्फर डायऑक्साइड तेवढा ठेवला गेला तर उत्तर काय येईल ते आताच सांगता येईल. तिच्यापुढे चंद्रपूर, बल्लारपूर, नागपूर, वर्धा इथल्या हवेतलं सल्फेट ठेवलं गेलं पाहिजे, वर्षभर मोजलेलं. जिल्हा रुग्णालयातल्या श्वसनाच्या आणि हृदयाच्या रुग्णांच्या दहा वर्षांच्या नोंदी ठेवल्या गेल्या पाहिजेत, नावं काढून, वाऱ्याच्या दिशेशी ताडून. एफजीडीचा युनिटमागचा खर्च मुंबईच्या ग्राहकासह सगळ्यांत वाटला तर किती होतो, ते राज्याच्या वीज नियामक आयोगाने मांडायला हवं. सुनावणी दिल्लीत नव्हे, चंद्रपुरात व्हावी, आणि मे महिन्यात दुपारी होऊ नये. पर्यावरण अहवालाचा मराठीत फक्त सारांश देण्याची जी रीत आहे ती सोडून संपूर्ण अहवाल मराठीत छापावा, ग्रामपंचायतीत ठेवावा.

या मागण्यांचं पत्र मी कल्याणहून, वीज ग्राहक म्हणून, मंत्रालयाला आणि आयोगाला पाठवलं आहे. मसुदा बाबांना दाखवला होता. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, कोळशाच्या खपाचा माझा आकडा स्वतः पुन्हा करून पाहिला, आणि खाली पेन्सिलीने एक ओळ वाढवली: ‘‘जुन्या २१० च्या संचांचंही विचारा, ते युनिटमागे जास्त जाळतात.’’